डाव्या चाकाचा वास

नाशिकात द्वारकेच्या सिग्नलला वास आला, आणि तो मला आला म्हणूनच मी काही बोलले नाही. त्या साथीच्या आजारानंतर माझ्या नाकाचा भरवसा राहिलेला नाही. आधी कित्येक महिने काहीच येत नव्हतं. शेवंतीच्या ढिगात तोंड खुपसलं तरी आत नुसता गारवा. मग वास परत आले, पण पत्ता चुकल्यासारखे. कोथिंबीर निवडताना रॉकेलचा वास यायचा, देवापाशी बसलं की ओल्या गोणपाटाचा. त्यामुळे मार्गशीर्षातल्या त्या थंड गुरुवारी, नाशिक रोडच्या हारवाल्यांना फुलं देऊन आम्ही सासू-सून रिकामा ट्रक घेऊन परत निघालो असताना, काचेच्या फटीतून मेथी करपल्यासारखा कडवट आणि त्याखाली तापल्या लोखंडाचा असा जो वास आला, तो आत्ताचा आहे की फार जुना, कसारा घाटातला, ह्यांच्या ट्रकमधला, हे मला ठरवता येईना. हे म्हणजे माझे यजमान. ते जाऊन खूप वर्षं झाली. पण नाकाला काळ कळत नसावा. मी शुभांगीकडे पाहिलं. ती समोर सिग्नलच्या आकड्यांकडे बघत होती, ओठ किंचित दाबलेले, आणि तिच्या चेहऱ्यावर वासाचं काही नव्हतं. मी पदर नाकाला लावला आणि गप्प बसले. म्हातारपणी माणूस आपल्या जाणिवा आधी स्वतःपाशीच तपासून घेतो. दुसऱ्याला सांगितलं आणि तसं काही नसलं तर समोरच्याच्या डोळ्यांत जी कीव उमटते, ती मला सोसत नाही.

सिग्नल सुटला. गाडी उठेना म्हणजे उठली, पण मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी. "आई, आज ही ओढतच नाहीये," शुभांगी म्हणाली, "आणि सकाळपासून डावीकडं जातेय." एवढ्यात शेजारचा रिक्षावाला ओरडला, "ओ ताई, चाकातून धूर निघतोय!" आणि त्याच्या पलीकडचा स्कूटरवरचा माणूस, हेल्मेट कोपराला अडकवलेला, मोठ्यानं म्हणाला, "ब्रेकवरचा पाय काढा म्हणावं वहिनींना, पाय!" दोघं-चौघं हसले. मला, खरं सांगायचं तर, त्या क्षणी आधी सुटल्यासारखं वाटलं, कारण धूर खरा होता म्हणजे वास खरा होता. मग शुभांगीचा चेहरा दिसला आणि ते सुटलेपण गेलं. तिनं गाडी घाई न करता कडेला घेतली, इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि चारही चाकांपाशी वाकून हाताची पालथी बाजू लांबूनच धरत गेली. मागची गार. पुढचं उजवं कोमट. पुढच्या डाव्यापाशी तिचा हात वीतभर अंतरावरूनच मागे आला. रसाच्या गाड्यावरचा माणूस भरलेली बादली घेऊन धावत आला. "नको दादा, पाणी नको," ती म्हणाली. "अहो, पेटेल!" "नाही पेटणार. पाणी टाकलं तर आतली चकती वाकेल. गार होऊ द्या आपलं आपण." बादली हातात तशीच धरून तो उभा राहिला, आणि बाकीचेही उभे राहिले, कारण बाई ट्रकच्या चाकापाशी उकिडवी बसलेली पाहायला नाशिकमध्ये अजूनही माणसं थांबतात.

पालथा हात. आणि तापल्या चाकावर पाणी नाही. हे दोन्ही तिला मी सांगितलं होतं, आणि मला ह्यांनी. तळवा भाजला तर गाडी हाकता येत नाही, म्हणून पालथा हात धरायचा, असं ते म्हणत. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत टोमॅटोच्या हंगामात मी त्यांच्याबरोबर मुंबईला जात असे. त्या ट्रकची केबिन लाकडाची होती आणि पावलांपाशी इंजिनची ऊब यायची. घाट उतरताना ते बोलत नसत. मीही बोलत नसे. पण वास आला की मी त्यांच्या गुडघ्यावर बोट टेकवायची, आणि ते एक शब्द न विचारता पुढच्या मोकळ्या जागी ट्रक उभा करायचे. त्यांना स्वतःला वास उशिरा यायचा, विडीमुळे. "तुझं नाक आहे तोवर माझा ट्रक दरीत जात नाही," असं ते घाटनदेवीपाशी नारळ फोडताना एकदा म्हणाले होते, आणि देवीसमोर उभं राहून त्यांनी श्रेय मला दिलं याची मला लाज वाटली होती आणि फार बरंही वाटलं होतं. एकदा पिंपळगावच्या पुढं, सरळ रस्त्यावर, त्यांनी माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि आपले काढून घेतले. ते चाक जिवंत होतं. रस्ता त्यातून माझ्या मनगटांत, दंडांत, दातांत येत होता. समोरून बैलगाडी दिसली तशी त्यांनी ते परत घेतलं, हसले, आणि पुन्हा तसं कधी झालं नाही. मीही मागितलं नाही. त्या काळी मागायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. पुढं किती तरी वर्षं भाकरी थापताना, फुलं तोडताना मनगटात ते मधूनच जागं व्हायचं. शुभांगी पहिल्यांदा गाडी शिकली तेव्हा मला ते आठवलं. साथीमुळे सगळं बंद होतं, हारवाले गावाला गेले होते, ड्रायव्हर पळाला होता, आणि मखमलाबादच्या आमच्या मळ्यात शेवंती जागेवर सुकत होती, भाजी सडत होती. भारत, माझा मुलगा, शेतात एकटा पुरा पडत नव्हता. तेव्हा ही एके सकाळी उठली आणि म्हणाली, मला शिकवा, मी सोसायट्यांमधून भाजी विकून येते. आधी बांधाबांधानं, मग पेठ रोडनं, मग सगळ्या शहरातून. घरात हळू बोलणारी ही मुलगी केबिनमध्ये बसली की वेगळी व्हायची. पाठ सरळ, मान मोकळी. मागून हॉर्न वाजवणाऱ्याला "उडून जा बाबा वरून" म्हणायची, आणि ते इतक्या सहज की मला पदर तोंडाला लावून हसावं लागे. मी तिच्याबरोबर जायला लागले ती त्याचसाठी. नाशिक रोडला माझं काय काम होतं?

शुभांगीचा फोन गेल्यावर भारत मोटरसायकलवरून आला तेव्हा चाकाचा धूर थांबला होता, पण माणसं पांगली नव्हती, आणि मला वाटतं त्याचं खरं दुखणं ती माणसं होती. त्यानं चाक पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं.

"पाय ठेवतेस तू ब्रेकवर."

"नाही ठेवत."

"मग चाक आपोआप जळलं?"

"ते बघायला पाहिजे ना. डावंच तापलंय, उजवं नाही."

"मला शिकवू नकोस. ब्रेकचे पॅड मी स्वतः बदललेत, माझ्या हातानं. दसऱ्याला. दोन-अडीच महिन्यांत पॅड जळतात कसे? पाय ठेवल्याशिवाय?" मग रसवाल्याकडे, रिक्षावाल्याकडे पाठ करून, आवाज खाली आणून तो म्हणाला, "उद्या माल घेऊन कल्याणला समाधान जाईल. आणि इथून पुढंही तोच चालवेल. घाट उतरायचाय, खेळ नाहीये तो." समाधान हा त्याच्या चुलतभावाचा मुलगा, चांगला ड्रायव्हर, सध्या रिकामाच होता. म्हणजे हे बोलणं नुसतं रागाचं नव्हतं. त्याला पुढची सोय होती. शुभांगीनं चावी मुठीत धरली होती.  "देते," ती म्हणाली. "पण आधी मल्हारीकडं नेऊ. चाक उघडून बघू. माझ्या पायाचं निघालं तर मीच समाधानला फोन करीन." आणि माझ्याकडे न बघता ती पुन्हा केबिनमध्ये चढली. मला तेव्हा बोलता आलं असतं. सपाट रस्त्यावर, तिनं ब्रेक दाबलेला नसताना, नुसत्या डाव्या अंगानं वास येत होता, हे मला माहीत होतं. पण भारत म्हणाला असता, आई, तुला परवा देवापाशी गोणपाटाचा वास येत होता. आणि ते खरं होतं.

मल्हारीचं गॅरेज आडगाव नाक्याच्या पुढं, ट्रकवाल्यांच्या ओळीत. चांदवडकडचा माणूस, केस काळेभोर रंगवलेले, शर्टाला इस्त्री, गळ्यात जाड साखळी. स्वतःविषयी त्याचं मत चांगलं होतं आणि ते तो लपवत नसे. दाराशी त्यानं स्वतःचाच मोठा फोटो लावला होता. आम्ही हळूहळू, मध्ये एकदा थांबून, तिथं पोचलो. भारतनं उतरता उतरताच त्याला सांगितलं, "पाय ठेवते ही ब्रेकवर. जरा समजावून सांग."

"वहिनी, लय जण ठेवतात," मल्हारी मोठ्या मनानं म्हणाला. "आमच्याकडं निम्मी गिऱ्हाइकं त्याचीच. पायाला कळत नाय ना, आपण कुठं टेकलोय ते."

"माझ्या पायाला कळतं," शुभांगी म्हणाली. "तुम्ही गाडी उचला आणि दोन्ही चाकं फिरवून दाखवा."

तो हसला. पण गाडी त्यानं उचलली. उजवं चाक त्यानं एका हातानं ढकललं, ते गिरकी घेत राहिलं. डाव्याला दोन्ही हात लावले तर ते जड दारासारखं थोडं सरकून थांबलं. मल्हारीचं हसू गेलं नाही, पण थोडं बाजूला झालं. "उतरताना पाय ठेवला असंल, धरून राहिलं असंल," तो म्हणाला. "पाय केव्हाच काढलाय," शुभांगी म्हणाली, "आता कुणाचा पाय आहे त्याच्यावर?" भारत स्टुलावर बसला होता. मी पलीकडे टायरच्या उतरंडीवर पोतं घालून बसले होते. दुपारचं ऊन पत्र्यावर चढत होतं, तरी खाली फरशी गार होती. मला एकाएकी वाटलं की हे सगळं मी पाहिलेलं आहे. कुठं ते आठवेना. मग कळलं. पाहिलेलं नव्हतं. आयुष्यभर मी अशा जागी होते जिथं गाडी उघडली की बायकांनी चहा प्यायला लांब जाऊन बसायचं, आणि परत येईपर्यंत पुरुषांनी ठरवलेलं असायचं की काय झालं होतं. आज एक बाई चाकाच्या शेजारी उभी राहून पुढचं विचारत होती.

आणि मल्हारी, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे, विचारलं की सांगणारा माणूस होता. त्याला प्रेक्षक आवडत. चाक काढून त्यानं आतली चकती दाखवली. एरवी चांदीसारखी असते ती कडेनं निळसर झाली होती, तव्याखालची बाजू होते तशी. तिला वरून धरणारा लोखंडाचा जाडजूड चिमटा, त्याला ते कॅलिपर म्हणतात. ब्रेक दाबला की चिमटा चकती दोन्हीकडून आवळतो, सोडला की ढिला होतो. हा ढिला होत नव्हता. "आता का होत नाय, त्याची तीन कारणं," मल्हारी बोटं वर करून म्हणाला. "एक तर पायपात दाब अडकलाय. नाय तर आतला दट्ट्या जाम. नाय तर चिमटा ज्या पिनांवर सरकतो त्या पिना जाम. पायाचा संबंध असंल तर पॅड सांगतील." त्यानं चिमट्याच्या मागची, तेल सोडायची छोटी चोची पान्यानं सैल केली. तेल ठिपकलं, शांतपणे, दाब असल्यासारखं उडालं नाही. चाक ज्यावर बसतं तो गोळा त्यानं फिरवून पाहिला. तितकाच जड. "पायप साफ आहे," तो स्वतःशीच म्हणाला, आणि तिथून पुढं त्याचा आवाज बदलला. तो आम्हाला दाखवत होता ते थांबलं आणि तो स्वतः बघायला लागला. हा बदल मी ओळखते. ह्यांच्यातही व्हायचा. गप्पा मारता मारता माणूस एकदम कामाच्या आत जातो, आणि मग त्याचे हात हलके होतात. इतका वेळ जो नुसता बढाईखोर वाटत होता त्याच्या मानेची शीर, डोळ्यांचं बारीक होणं, सगळं नीट जागेवर बसल्यासारखं दिसायला लागतं. मल्हारीनं पॅड काढले. दोन्ही तळहातांवर ठेवले. आतल्या बाजूचा पॅड लोखंडापर्यंत घासला होता. बाहेरचा जवळजवळ नवा.

"वहिनी," तो म्हणाला, आणि मग भारतकडे वळून पुन्हा म्हणाला, "भारतभाऊ, हे बघा. पाय ठेवला असता तर दोन्ही चाकं तापली असती, आणि दोन्ही पॅड सारखे झिजले असते. हे नुसतं आतलंच झिजलंय. चिमटा सरकतच नाय. पिना धरल्यात."

 मी शुभांगीकडे पाहत होते; मला वाटलं आता ती नवऱ्याकडे बघेल. तिनं वाकून तो घासलेला पॅड हातात घेतला, अंगठा त्यावरून फिरवला, आणि मल्हारीलाच विचारलं, "पिना का धरल्या पण? दसऱ्याला तर सगळं नवं घातलंय."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्या घरी गाडी गॅरेजला देत नाहीत. वर्षभर जिनं आपल्याला पोसलं तिची त्या दिवशी घरच्या माणसानं स्वतःच्या हातानं उस्तवार करायची, ही ह्यांनी घातलेली रीत. कोयते, खुरपी, फवारणीचा पंप, सगळं धुऊन ओळीनं मांडायचं, आणि गाडीची चाकं काढून आतलं पुसायचं, वंगण घालायचं, मग हळदकुंकू. ह्यांच्यानंतर भारतनं ती चुकवलेली नाही. यंदाही तो सबंध सकाळ अंगणात चाकांपाशी बसला होता, पाठीवर ऊन घेत, शेजारी नव्या पॅडचं खोकं. दुरून पाहताना मला पाठमोरे हेच दिसले होते, तसाच डावा खांदा उतरलेला, आणि मी दारातून आत जायचं विसरून उभी राहिले होते. गाडीविषयी त्याच्या मनात जी माया आहे ती तो बोलून दाखवत नाही. बोटांनीच काय ते.

मल्हारीनं पिना ओढून पाहिल्या. वरची आली. खालची येईना. त्यानं ती पक्कडीनं फिरवत फिरवत, शिव्या न देता, दाताच्या डॉक्टरनं दाढ काढावी तशी बाहेर घेतली. पिनेवरची रबराची टोपी भिजवलेल्या हरभऱ्यासारखी फुगली होती, मऊ, बोटानं दाबली की दबत होती. तिच्यातून काळपट तांबूस ग्रीस बाहेर आलं. "हे कुठलं ग्रीस?" मल्हारीनं वास घेतला. "रबराला हे चालत नाय. रबर पितं हे आणि फुगतं. ताप आला की आणखी फुगतं. मग पिन सरकणार कुठून? कुठल्या मिस्त्रीनं लावलं हो? नाव सांगा त्याचं, फोटो लावतो इथं माझ्याशेजारी." ते ग्रीस लागलेलं बोट त्यानं हवेत धरलं होतं आणि माझ्यापर्यंत वास आला. या वेळी मला शंका नव्हती. ट्रॅक्टरच्या शेडमधला डबा, झाकणाला खाच पडलेला. द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्या ब्लोअरला, ट्रॅक्टरला, विहिरीच्या रहाटालासुद्धा आमच्याकडे तेच लागतं. घरात दुसरं ग्रीस नाहीच. मी भारतकडे पाहिलं नाही. मी फरशीकडे पाहत राहिले, आणि तो काय करतो याची वाट पाहता पाहता मला वाटलं, नको, नकोच कळायला. तो बोलला नाही तर कुणालाच कळणार नव्हतं. मल्हारीला एखाद्या मिस्त्रीचं खोटं नाव सांगून टाकलं असतं तरी चाललं असतं. शुभांगीला कळलं असतं, पण ती बोलली नसती. मला कळलं होतं, आणि मी आई होते. स्टुलाचा पाय फरशीवर घासल्याचा आवाज झाला.

"मी लावलं," भारत म्हणाला. "ब्लोअरचं आहे. ग्रीस म्हणजे ग्रीस, असं वाटलं मला." मग थांबून, कुणाकडेच न बघता, "पिना नीट सरकाव्यात म्हणूनच भरपूर लावलं."

मल्हारी पुढं काही टोमणा मारणार होता. तोंड उघडलेलं मी पाहिलं. पण त्यानं बोट चिंधीला पुसलं आणि तो एवढंच म्हणाला, "शेतकरी माणसं लय माया करतात गाडीवर. हे असं मी द्राक्षवाल्यांच्याच गाड्यांना बघतो." माझ्या मनात त्या रंगवलेल्या केसांविषयी जे काही होतं ते त्या क्षणी गेलं. आणि मुलाविषयी, काय सांगू, लहानपणी तो पहिल्यांदा विहिरीत पोहला तेव्हाही मला असं भरून आलं नव्हतं.

पुढचं काम मी एखादं गाणं ऐकावं तसं पाहिलं. पिना पॉलिश पेपरनं घासून चकचकीत झाल्या. ज्या भोकात त्या बसतात ती पुसून, पुन्हा पुसून, रबरं नवी घातली, आणि छोट्या पुडीतलं पारदर्शक ग्रीस मल्हारीनं इतकं थोडं लावलं, बाळाच्या डोळ्यांत काजळ घालावं तसं. दट्ट्या आत ढकलला, तो विनातक्रार गेला. चकती तपासली, वाकलेली नव्हती. "पाणी मारलं नाय ते बरं केलं," तो म्हणाला. "कुणाची अक्कल?" "आईंची," शुभांगी म्हणाली. मी पोत्यावरची माती झटकली. नवे पॅड दोन्ही चाकांना घालायचे ठरले, कारण एकाच बाजूला घातले तर गाडी ओढते. मग राहिली नळीतली हवा काढायची. त्याला एक माणूस वर पेडलवर लागतो. भारत उठला, तर मल्हारी म्हणाला, "तुम्ही बसा भाऊ. वहिनींना बसू द्या."

शुभांगी केबिनमध्ये चढली. मल्हारी चाकाखाली आडवा झाला, चोचीला काचेच्या बाटलीत सोडलेली नळी लावून. "दाबा," तो खालून ओरडला. "दाबा. दाबा. आता धरा. धरा, सोडू नका." नळीतून तेलाबरोबर बुडबुडे आले. "हां. सोडा." पुन्हा तेच. हे धरणं म्हणजे काय ते मला त्याच्या सांगण्यावरून कळलं: पेडल पायाखालून हळूहळू खाली जातं, जमीन खचल्यासारखं वाटतं, आणि पाय आपोआप वर यायला बघतो. तो आला की हवा पुन्हा आत. मिस्त्री खालून चोची बंद करीपर्यंत पायानं त्या खचण्याबरोबर जायचं, ना जास्त ना कमी, आणि तळाशी थांबून राहायचं. दोघांना एकमेकांचा चेहरा दिसत नाही. नुसता आवाज आणि पाय. उघड्या दारातून मला तिची टाच दिसत होती, भेगाळलेली, जोडवी घातलेली बोटं पेडलवर ताणलेली, आणि पोटरीची एक रेघ. "धरा." ती रेघ हलत नव्हती. "सोडा." पाय पेडलवरून पुरता उचलला जायचा आणि बाजूला, जमिनीवर, टेकायचा. प्रत्येक वेळी. कुणी बघतंय म्हणून नव्हे. तो तसाच राहत होता. मी कधीपासून तिच्या शेजारी बसत होते आणि तिच्या हातांकडे, मानेकडे पाहत होते. पायाकडे आज पाहिलं. शेवटी बुडबुडे थांबले, नळीत नुसतं स्वच्छ पिवळं तेल राहिलं, तेव्हा मल्हारी कोपरांवर उठला आणि भारतला म्हणाला, "भाऊ, असा पाय माझ्या गॅरेजात कुणाला नाय. आमची पोरं अर्ध्यात सोडतात, मग सगळं पहिल्यापासून." आणि केबिनकडे मान करून, "वहिनी, नोकरी पाहिजे का?"

"तुमचा फोटो काढून माझा लावणार असाल तर येते," शुभांगी म्हणाली, आणि शेजारच्या गॅरेजातलेसुद्धा हसले.

मला वाटलं आता घरी. भारतलाही वाटलं असावं. तो मोटरसायकल गॅरेजातच ठेवून ट्रकनं यायचं म्हणत होता. शुभांगी खाली उतरली आणि उजव्या चाकापाशी जाऊन उभी राहिली. "याच्याही पिना काढा," ती म्हणाली. मल्हारी म्हणाला, "ते मोकळं फिरतंय की वहिनी, पॅड बदललेत, कशाला?" तिनं नवऱ्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा. त्यात राग नव्हता, जिंकल्याचं काही नव्हतं, भाजीत मीठ घातलंय का असं विचारावं तसं तिनं विचारलं, "अहो, इकडंही तेच लावलंय ना तुम्ही?" भारतनं मान हलवली. पिना काढल्या. रबरं फुगायला लागली होती, डाव्याइतकी नाही, पण लागली होती.  भरलेली गाडी, कसाऱ्याचा उतार, एक चाक आधीच धरलेलं आणि दुसरं धरू पाहणारं; मला तो उतार पावलापावलानं आठवतो, ती वळणं, डाव्या हाताची दरी, खाली धुक्यात दिसणारे रूळ. तिथं वाटेत कुठंतरी समाधान असता. किंवा ही असती. फूल तोडताना बोटात काटा मोडावा तसं ते माझ्या आत मोडून राहिलं आणि मी उठून तिच्याजवळ गेले, उगाच, तिच्या पदराला लागलेला काळा डाग चिमटीत धरून बघितला. "निघेल आई," ती म्हणाली. "रॉकेल लावू." तिला वाटलं मी डागाचंच बघतेय.

निघालो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मल्हारीनं सांगितलं, उड्डाणपुलावरून एक चक्कर टाका, चढ-उतार दोन्ही होतील, मग उतरून चाकांना हात लावून बघा. शुभांगी चालवत होती, भारत मध्ये, मी खिडकीशी. गाडी हलकी झाली होती, पायातला काटा काढलेल्या बैलासारखी.  पूल उतरायला लागला आणि समोरच्या बसचे लाल दिवे पेटले, तसा शुभांगीचा पाय जायच्या आधीच भारतचा उजवा पाय पुढं सरकला आणि रबरी चटईवर घट्ट दाबला गेला. तिथं काही नव्हतं. नुसती चटई. गाडी सरळ रेषेत, झोपलेलं मूल खाली ठेवावं तशी थांबली. पुढं रिक्षा आडवी आली, पुन्हा त्याचा पाय. सिग्नल दिसला, सिग्नल लांब होता, तरी पाय. गुडघ्यापर्यंतची शीर ताठ. त्याला स्वतःला ते माहीतच नव्हतं. मी पाहिलं, आणि आरशातून नजर काढून शुभांगीनंही पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "तिथं काही नाहीये."

त्यानं खाली पाहिलं. आपल्याच पावलाकडे, दुसऱ्या कुणाचं असावं तसं. कानांपर्यंत लाल झाला. मग हसायला लागला, आधी आवाज न करता, मग आवाज करून, आणि मलाही हसू आवरेना. "उद्या कल्याणला किती वाजता निघायचं?" त्यानं विचारलं. "माल भरून झाला की," ती म्हणाली. "तुम्ही लवकर भरा." समोर पुलाचा शेवटचा, सगळ्यात मोठा उतार होता, खाली गाड्यांची गर्दी. भारतनं चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर, जेवायला बसतात तशी, मांडी घातली.